एक रुपयाची ट्रायल आणि दर महिन्याला कट होणारे पैसे

बार्शीत माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅन कार्ड, लाडक्या बहिणीची केवायसी, अंगठा लावून पैसे काढून देणं, असली कामं दिवसभर चालू असतात आणि या सगळ्यात अलीकडं एक काम असं वाढलंय की ज्याचा सरकारी दरपत्रकात उल्लेखही नाही आणि ज्याचे मी पैसेही घेत नाही. कुणीतरी येतं, बहुतेक वेळा बाईच असते, पासबुक काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "ताई, दर महिन्याला पैसं कट व्हायलेत, कोण नेतंय बघा की जरा."

पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं बँकेनं खाल्ले. मग वाटतं कुणीतरी फोन हॅक केला. काहींना तर वाटतं की योजनेचे पैसेच सरकारनं परत घेतले, आणि ती बाई घाबरून जाते की आपला फॉर्म बाद झाला का काय. बँकेत गेल्यावर तिथला माणूस कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि सांगतो की तुम्हीच परवानगी दिलीय, आम्ही काय करणार, आणि त्याच्या मागं मोठी लाईन असते त्यामुळं तो याच्यापेक्षा जास्त बोलत नाही. तिनं तर कुणाला परवानगी दिल्याचं आठवत नसतं. आणि खरंच, तिच्या समजुतीप्रमाणं तिनं ती दिलेलीच नसते.

एका मावशींचं सविस्तर सांगते कारण त्यात सगळा प्रकार नीट दिसतो.

मावशींच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे 1,500 जमा झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यातले 299 गेले. आधीच्या महिन्यातही गेले होते, त्याच्या आधीही, पण पासबुक भरून आणल्यावरच त्यांना ते कळलं. पासबुकावर एन्ट्री होती यूपीआयची, आणि पुढं जे नाव होतं ते असं काहीतरी टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे ज्यावरनं काहीच अर्थबोध होत नाही. मी त्यांना विचारलं ऑनलाईन काही मागवलं होतं का. आधी नाही म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, बाजूला कुणी नाही बघून, म्हणाल्या, गुडघ्याचं तेल मागवलं होतं, पण ते तर एक रुपयाचं होतं.

फोनवर व्हिडिओ बघताना मध्ये जाहिरात आलेली, ट्रायल बाटली फक्त एक रुपयात. सुनेनं पत्ता टाकून दिला, मावशींनी पिन टाकला, बाटली आलीसुद्धा. त्यामुळं फसवणूक झाली असं वाटायचं काही कारणच नव्हतं. वस्तू आली, एक रुपया गेला, विषय संपला.

मी ती जाहिरात शोधून तेच पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. वर मोठ्या मराठी अक्षरात 'फक्त ₹1', त्याच्याखाली उलटं चालणारं घड्याळ की ऑफर संपायला एवढी मिनिटं राहिली, पान परत उघडलं की घड्याळ परत पहिल्यापासनं सुरू. त्याखाली केशरी रंगाचं भलंमोठं बटण. आणि बटणाच्या खाली, पांढऱ्या पानावर फिकट करड्या रंगात, इंग्रजीत, बारीक टायपात एक ओळ, की सात दिवसांनी मेंबरशिप चालू होईल, महिना 299, कधीही बंद करता येईल. त्या ओळीच्या आधी एक छोटा चौकोन आणि त्यात टिक आधीच मारलेली. मावशींच्या फोनची स्क्रीन एका कोपऱ्यात तडकलेली आहे आणि ती ओळ नेमकी त्या खालच्या बाजूला येते, पण स्क्रीन चांगली असती तरी त्यांना ती वाचता आली नसती, कारण सगळं पान मराठीत आणि ही एकच ओळ इंग्रजीत. जाहिरात करताना त्यांना मराठी येतं, पैशाचं सांगताना येत नाही, हे कसं?

नंतर यूपीआयची स्क्रीन येते. तिथंही वर मोठ्यानं एक रुपया. खाली ऑटोपे (म्हणजे दर वेळी न विचारता आपोआप पैसे कट व्हायची सोय), मंथली, अप टू 999, आणि शेवटची तारीख कितीतरी वर्षं पुढची. हे सगळं एकाच नजरेत दिसतं पण डोळा आधी कुठं जातो तर एक रुपयावर, आणि तो रुपया बघून माणूस पिन टाकतो, कारण रोज भाजीवाल्याला, किराणा दुकानात, टमटमवाल्याला तो असाच रक्कम बघून पिन टाकत असतो. तो पिन त्या दिवशी एक रुपयासाठी नव्हता, पुढच्या सगळ्या महिन्यांसाठी होता, हे त्याला कुणी तोंडानं सांगितलेलं नसतं.

आणि 299 कशाचे? तर तेलाचे नाहीत. मेंबरशिपचे. म्हणजे त्या साईटवरनं पुढं काही घेतलं तर सवलत मिळणार, त्या सवलतीचं भाडं. मावशींनी पुढं काहीच घेतलं नाही. दर महिन्याला बाटली आली असती तर निदान घरात विषय तरी निघाला असता की हे कोण पाठवतंय, पण काहीच येत नव्हतं, फक्त पैसे जात होते.

आता ऑटोपे ही गोष्ट वाईट आहे असं मला बिलकुल म्हणायचं नाही. लाईटबिल, विम्याचा हप्ता, एसआयपी, मोबाईलचं बिल यांच्यासाठी ती चांगलीच आहे. यूपीआयवर ती जुलै 2020 मध्ये आली. कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासनं कडक झाले, त्याच्या आधी तर कार्डाचा नंबर एकदा दिला की परदेशातली साईटसुद्धा परत परत पैसे ओढायची. नियम असा की पहिल्यांदा मँडेट, म्हणजे पैसे कट करायची कायमची परवानगी, देताना पिन किंवा ओटीपी लागणारच, नंतर प्रत्येक वेळी पैसे कट होण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं, किती, कुणाला, कशासाठी, आणि त्याला नको असेल तर तिथंच थांबवता आलं पाहिजे. ठरावीक रकमेपर्यंत दर वेळी पिन लागत नाही. ही मर्यादा आधी 2,000 होती, मग 5,000 झाली, जून 2022 मध्ये 15,000 केली, आणि म्युच्युअल फंड, विमा, क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर 2023 मध्ये एक लाखापर्यंत वाढवली.

कागदावर हे सगळं बरोबर आहे. 24 तास आधीचा मेसेज मावशींना आलाही होता, मी त्यांच्या फोनमध्ये शोधून काढला. पण तो कसा होता बघा. इंग्रजीत. कंपनीचं नाव तेच प्रायव्हेट लिमिटेडवालं, तेलाच्या ब्रँडचं नाव त्यात कुठंच नाही. आणि त्याच्या वर खाली लोनचे, रमीचे, रिचार्ज संपल्याचे, प्लॉटिंगचे असे शेकडो मेसेज, ज्यातला एकही त्या कधी उघडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, आम्हीच त्यांना सांगतो की अनोळखी मेसेज उघडू नका, लिंक दाबू नका. मग ज्या मेसेजवर त्यांचे पैसे वाचणं अवलंबून होतं तो त्या कुठनं उघडणार?

त्यात पैसे कट होण्याची वेळ. ऑगस्ट 2025 पासनं एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, सांगितलंय की ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळेत करायचे नाहीत, म्हणजे सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते साडेनऊ सोडून. सर्व्हरवरचा ताण कमी करायला हे केलंय, त्यात चूक काही नाही, पण त्यामुळं होतं असं की खात्यावर संध्याकाळी पैसे आले तर बाई सकाळी आवरून, डबे करून, बँकेत नाहीतर माझ्याकडं अंगठा लावायला येईपर्यंत ऑटोपेवाला तिच्या आधी येऊन गेलेला असतो. आणि खात्यावर पैसे नसले की त्या वेळचा व्यवहार फेल जातो पण मँडेट काही मरत नाही, ते पुढच्या वेळी परत येतं. ज्या खात्यात महिन्यातनं एकदाच पैसे येतात त्या खात्यातनं 299 जाणं म्हणजे काय हे पगारदार माणसाला लगेच नाही कळायचं. 1,500 मधले 299 म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यात एका घराचं महिन्याचं गोडेतेल येतं.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू का, पैशापेक्षाही, तर लोक हे लपवतात. मावशींनी सुनेला सांगितलं नव्हतं कारण सुनेला वाटलं असतं आपल्यामुळं झालं. सून मुलाला सांगत नाही कारण तो ओरडणार. एक मुलगा तर माझ्या काउंटरसमोर उभा राहून आईला सगळ्यांदेखत म्हणत होता की तुला वाचता येत नाही तर फोन घेतेस कशाला हातात. ती माऊली खाली मान घालून पासबुकाच्या कडा सरळ करत बसली. मी त्या मुलाला तिथंच थांबवलं आणि त्याला तेच पान उघडून दिलं, म्हणलं तू वाचून दाखव यात किती पैसे जाणार ते. त्यानं केशरी बटणापर्यंत वाचलं आणि म्हणाला एक रुपया. एवढा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. मी खालची ओळ बोटानं दाखवली तेव्हा त्याला दिसली. मग गप्प झाला, आणि आईला म्हणाला चल घरी.

म्हणून मला हे ठासून सांगायचंय की ही चूक बाईच्या वाचण्याची नाही. ते पान तसं बनवलेलं आहे. कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलंय की एक रुपया किती मोठा लिहायचा आणि 299 किती बारीक, टिक आधी मारायची का नाही, बंद करण्याचं बटण कुठल्या मेनूच्या कुठल्या पोटात ठेवायचं. जिल्हा परिषदेतले गुरुजी माझ्याकडं आलेत हेच घेऊन, एका कॉलेजच्या मुलीनं नोकरीसाठी बायोडाटा बनवायला एक परदेशी साईट वापरली आणि वडिलांच्या कार्डावरनं दर महिन्याला पैसे जायला लागले, एका मेडिकलवाल्या दादांनी बायकोसाठी साड्यांच्या साईटवर 'मेंबर किंमत' दिसली म्हणून घेतली आणि ती मेंबरशिप पुढं चालू राहिली. हे सगळे शिकलेले, हिशेबाला पक्के लोक आहेत. शिकलेला माणूस यातनं सुटतो हा गैरसमज आहे.

या प्रकाराला जगभर डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरनं 2010 मध्ये हे नाव दिलं. आणि आपल्याकडं याच्यावर नियम नाही असं अजिबात समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असले 13 प्रकार नाव घेऊन दिलेत आणि ते वापरायला बंदी आहे. त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप हा स्वतंत्र प्रकार आहे. त्याची व्याख्या मी मुद्दाम नीट वाचली, आणि त्यात फक्त बंद करणं अवघड ठेवणं एवढंच नाहीये, फुकटच्या सबस्क्रिप्शनसाठी माणसाकडनं पेमेंटची माहिती किंवा ऑटो डेबिटची परवानगी जबरदस्तीनं घेणं हेसुद्धा ट्रॅप म्हणून लिहिलंय. परत वाचा. म्हणजे फ्री ट्रायलच्या नावाखाली ऑटोपे घेतल्याशिवाय पुढं जाऊच न देणं, हेच मुळात चुकीचं धरलंय. एक रुपया घेतला म्हणून ते फुकट नाही असा वाद कंपनीवाले घालतीलही, पण त्यातला हेतू कुणालाही कळतो.

न विचारता बास्केटमध्ये जादा गोष्ट टाकणं हाही एक प्रकार आहे त्यात. तिथं उदाहरण दिलंय ते सलूनचं, की माणूस एका वेळची सर्व्हिस घेतो आणि पैसे भरताना त्याच्यात सबस्क्रिप्शन आपोआप घातलेलं असतं. आणि लाजवून घ्यायला लावणं, म्हणजे विमा नको म्हणायचं असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचं बटण दाबायला लावायचं, तेही आहे. ते खोटं घड्याळही आहे.

जून 2025 मध्ये प्राधिकरणानं सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांच्या आत आपापल्या साईटची आपणच तपासणी करा आणि असलं काही असेल तर काढा. मला हे पुरेसं वाटत नाही, स्पष्टच सांगते. ज्यानं ते पान बनवलं त्यालाच तू तुझं पान तपास म्हणल्यावर तो काय शोधून काढणार? मोठ्या कंपन्या निदान बदनामीला घाबरून काहीतरी करतील पण ही जी तेल, पावडर, केसांचं औषध, भविष्य सांगणारी ॲप आहेत ती आज एका नावानं असतात आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या.

अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जून 2023 मध्ये ॲमेझॉनवर केस टाकली, आरोप असा की लोकांना नीट न सांगता प्राईम मेंबरशिपमध्ये घेतलं आणि बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम लांबवून ठेवला. त्या रस्त्याला कंपनीत आतल्या आत एका प्राचीन, लांबलचक ग्रीक युद्धकाव्याचं नाव होतं, हे केसमध्ये पुढं आलं. सप्टेंबर 2025 मध्ये ॲमेझॉननं चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे आणि एक अब्ज दंड. साधारण साडेतीन कोटी ग्राहकांचा प्रश्न होता. आणि जर्मनीत तर 1 जुलै 2022 पासनं कायदाच आहे की ज्या साईटवर सबस्क्रिप्शन घेता येतं तिथं ते बंद करायचं बटणही समोर दिसेल असं हवं. आपल्याकडं हे करायला काय अवघड आहे? यूपीआय सगळी आपली, स्क्रीन कशी दिसावी हे ठरवणारे लोक मुंबईतच बसतात. ऑटोपे असेल तर आधी पुढची दर महिन्याची रक्कम मोठी दाखवायची, आजचा एक रुपया खाली बारीक. फोन मराठीत असेल तर सगळं मराठीत. पिन टाकायच्या आधी लाल अक्षरात एक ओळ, हे पैसे दर महिन्याला जाणार आहेत. एवढं केलं तरी माझ्या काउंटरवरची निम्मी पासबुकं कमी होतील.

बरं, हे होईल तेव्हा होईल. सध्या काय करायचं ते सांगते, रोज करते म्हणून.

सगळ्यात आधी, ॲप काढून टाकून काही होत नाही. हे शंभरदा सांगावं लागतं. लोकांना वाटतं ज्या साईटवरनं घेतलं ते ॲप डिलीट केलं की झालं, पण परवानगी त्या ॲपमध्ये नसतेच, ती तुमच्या यूपीआयमध्ये असते. फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम, जे वापरता ते उघडा, आपल्या फोटोवर म्हणजे प्रोफाईलवर जा, तिथं ऑटोपे किंवा ऑटोमॅटिक पेमेंट असं काहीतरी दिसेल. आत चालू असलेली सगळी मँडेट दिसतात. नको त्यावर जा, रद्द करा म्हणा, पिन टाका, संपलं. यासाठी कंपनीला फोन करायची, कुणाची परवानगी घ्यायची काही गरज नाही, कंपनीच्या साईटवर बंद करायचं बटण सापडो न सापडो, तुमच्या बाजूनं नळ बंद झाला की झाला. दोन तीन यूपीआय ॲप असतील तर सगळ्यात बघा, कारण पेमेंट कुठल्या ॲपनं केलं होतं हे माणसाला आठवत नाही. कार्डावरनं जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असा भाग असतो तिथं. प्ले स्टोअरमधनं घेतलेलं असेल तर ते प्ले स्टोअरमध्ये, प्रोफाईलवर जाऊन सबस्क्रिप्शनमध्ये बंद करावं लागतं, तिथंही ॲप डिलीट करून उपयोग नाही. आणि परदेशी साईटशी काही घेणंदेणं नसेल तर कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या ॲपमधनं बंदच करून ठेवा, ते चालू बंद करायची सोय प्रत्येक बँकेनं द्यायची असा 2020 पासनं नियम आहे.

रद्द करायच्या आधी स्क्रीनशॉट मात्र काढा, मँडेटचा नंबर, रक्कम, तारीख दिसेल असा. नंतर तक्रार करताना तोच लागतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका. 299 परत मिळवायच्या नादात मोठी रक्कम घालवलेली माणसं मी बघितलीत. वर जो नंबर दिसतो तो कुणीही टाकलेला असतो, तिकडचा माणूस गोड बोलून फोनची स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतो, रिफंडसाठी पिन टाका म्हणतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. असं काही झालं तर ते सबस्क्रिप्शनचं प्रकरण राहत नाही, ती सायबर फसवणूक झाली, त्यासाठी 1930 वर ताबडतोब फोन करायचा, जितका लवकर तितकं चांगलं.

सबस्क्रिप्शनच्या तक्रारीसाठी 1915. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. सकाळी 8 ते रात्री 8, आणि मराठीत बोलता येतं, 17 भाषा आहेत तिथं. मावशींची तक्रार मी त्यांच्यासमोर बसूनच केली, स्पीकर चालू ठेवून, म्हणजे त्यांनाही कळावं की आपण काही गुन्हा केलेला नाही, आपण तक्रारदार आहोत. नाव, पत्ता, पासबुकावरच्या तारखा, स्क्रीनशॉट. तिकडनं कंपनीला पाठवतात. शेवटचे 299 परत आले, आधीचे नाही आले, कंपनीचं म्हणणं की त्या महिन्यांत सेवा उपलब्ध होती, ग्राहकानं वापरली नाही. यावर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी सुद्धा नाही, आणि आता ऑनलाईन दाखल करता येतं. मावशी म्हणाल्या राहू दे बाई, सोलापूरला कोण जाणार. मी त्यांना म्हणलंय की जावं लागणार नाही, मी इथनंच भरून देते. अजून विचार करतायत. मला वाटतं त्यांनी करावं, रकमेसाठी नाही, पण त्या पानाविरुद्ध कुठंतरी लेखी काहीतरी राहिलं पाहिजे म्हणून.

आता मी एक सुरू केलंय, केवायसीला किंवा अंगठ्याला कुणी आलं आणि हातात स्मार्टफोन असला की काम होईपर्यंत विचारते, ऑटोपे बघू का उघडून. बऱ्याच जणांचं रिकामं असतं. काहींचं नसतं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही, कारण एक नाही, तीन तीन चालू असतात, भविष्याचं ॲप, छोट्या गोष्टींच्या व्हिडिओचं ॲप, कुठलं तरी वजन कमी करायचं. आम्ही एकेक करून बंद करतो. पिन त्यांनीच टाकायचा, मी मान वळवून बसते.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक पुण्यामुंबईत असाल, किंवा आणखी लांब, आणि आईवडील गावाकडं असतील. आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा आणि त्यांना त्यांच्या फोनवर ऑटोपे उघडायला सांगा, पिन मात्र तुम्ही विचारू नका आणि त्यांनी सांगू नये, त्यांचा त्यांनाच टाकू दे. काही सापडलं तर आधी बंद करा, मग शांतपणे विचारा काय मागवलं होतं. ओरडू नका. गुडघे दुखत होते म्हणून मागवलेलं असतं.